तलावाच्या तळातले माशांचे आसरे सोनारने कसे शोधायचे



आजचा संदेश नेहमीपेक्षा लांब आहे. माण, खटाव, आटपाडी, जत भागात ज्या गटांकडे तलावाच्या मासेमारीचा ठेका आहे, त्यांच्यासाठी तो मुख्यतः आहे. ज्यांच्याकडे फक्त शेततळं आहे त्यांनी शेवटून दुसरा परिच्छेद तेवढा वाचला तरी चालेल.

पाणी उतरू लागलं की ओढजाळं ओढायचे दिवस येतात आणि दरवर्षी तीच अडचण येते. जाळं तळाला कशात तरी अडकतं, फाटतं. मग पट्टीचा पोहणारा एखादा पोरगा ते सोडवायला बुडी मारतो. *हे करू नका, कोणाला करू देऊ नका.* आपल्या तलावांच्या गढूळ पाण्यात दोन मीटर खाली स्वतःचा हात दिसत नाही. नायलॉनचं जाळं पायाला गुंडाळलं तर चांगला पोहणारासुद्धा वर येऊ शकत नाही. जाळं पुन्हा घेता येतं.

खाली अडकण्यासारखं असतं काय? बऱ्याचदा माणसानेच टाकलेलं. रात्री चोरून फेकजाळं टाकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून बाभळीच्या फांद्यांचे भारे टाकतात, बांबू रोवतात. त्याचा दुसरा फायदाही होतो. फांद्यांवर, बांबूवर शेवाळाचा थर धरतो, रोहू तो खातो, आणि लहान मासळीला लपायला जागा मिळते. आसामात बिलांमध्ये फांद्यांचा असाच ढीग करून मासे गोळा करतात, त्याला काताल म्हणतात. आपल्या सिंधुदुर्गात तर 2024 मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवती खडकाजवळ समुद्रात बुडवून पर्यटकांना पाहायला आणि माशांना राहायला जागा करण्याचा प्रकल्प राज्याच्या पर्यटन महामंडळाने हाती घेतला आहे. काही आसरे आपसूक तयार होतात. उजनीच्या फुगवट्यातलं पळसदेवचं दगडी देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, हे तुम्ही पाहिलं-ऐकलं असेल. आपल्याकडच्या तलावांतही जुन्या विहिरी, बांध, झाडांची खोडं पाण्याखाली असतात. टाकणारा विसरतो, ठेकेदार बदलतो, आणि जागा कुणालाच ठाऊक राहत नाही.

ती जागा शोधायला सोनार वापरतात. सोनार म्हणजे दागिने घडवणारा नव्हे, ध्वनीने पाण्याखालचं पाहायचं यंत्र. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसंच. दवाखान्यातली सोनोग्राफीही याच तत्त्वावर चालते. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1,500 मीटर जातो. यंत्र वरून टिचकी सोडतं, तळाला आपटून ती परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि खोली सांगतं. जपानच्या फुरुनो कंपनीने 1948 मध्ये मासे शोधायचं असं यंत्र बाजारात आणलं. आता चेंडूएवढं, दोरीने पाण्यात सोडायचं आणि मोबाईलवर चित्र दाखवणारंही मिळतं. वर्षातून दोन-तीन दिवस लागणारी वस्तू आहे, त्यामुळे एकट्याने घेऊ नये असं माझं मत. दोन-चार गटांत मिळून एक पुरतं. घेताना जीपीएस असलेलंच घ्या.

आता नीट लक्ष द्या, इथेच बहुतेकांची गल्लत होते. *पडद्यावर तलावाचा फोटो दिसत नाही.* उजव्या कडेला आत्ता होडीखाली काय आहे ते दिसतं आणि डावीकडे सरकत जातं ते मागे गेलेलं. पुढे काय आहे ते साधं यंत्र सांगत नाही. होडी एका जागी थांबली तरी चित्र सरकत राहतं, म्हणून खालचा एकच दगड लांबलचक बांधासारखा दिसतो. थांबून बघायचं नाही, रमतगमत चालल्याच्या वेगाने पुढे जात राहायचं.

दुसरी गोष्ट रुंदीची. आवाज नरसाळ्यासारखा खाली पसरतो. 20 अंशांचा अरुंद झोत 6 मीटर खोलीवर तळाचा जेमतेम 2 मीटर रुंद पट्टा बघतो, 60 अंशांचा झोत जवळजवळ 7 मीटर. खोली निम्मी झाली की पट्टाही निम्मा. म्हणून आधी रुंद झोत लावून, तिफणीने तास काढल्यासारख्या समांतर फेऱ्या मारा, दोन फेऱ्यांत पाचेक मीटर अंतर ठेवा. संशय आला की अरुंद झोत लावून त्याच जागेवरून आडवं जा. दोन्ही दिशांनी दिसलं तरच खरं धरा.

ओळखायचं कसं? मऊ गाळाचा तळ जाड पण फिका पट्टा दाखवतो. दगड-मुरमाचा तळ ठळक येतो, आणि त्याच्या दुप्पट खोलीवर दुसरी पुसट रेघ उमटते. आवाज तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यात पुन्हा एकदा जाऊन आल्याची ती खूण. फांद्यांचा भारा तळापासून वर उठलेल्या, मध्ये मध्ये पोकळ गचपणासारखा दिसतो. होडी चालू असताना मासा कमानीसारखा उमटतो. यंत्रात माशाचं चित्र काढणारी सोय असते ती बंदच करा. कुजणाऱ्या फांद्यांतून उठणारे बुडबुडेही ती मासे म्हणून दाखवते. उलट भाऱ्याच्या आत बसलेले मासे वेगळे दिसतच नाहीत, आणि कटला वरच्या थरात फिरतो, तो होडीची चाहूल लागताच बाजूला होतो. पडदा रिकामा म्हणजे तलाव रिकामा असं धरू नका.

जागा सापडली की रिकामा कॅन दगडाला बांधून तिथे सोडा आणि मोबाईलवर खूण करा. पण मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतो. म्हणून जुन्या मच्छीमारांची रीत सोडू नका. काठावरचं म्हसोबाचं देऊळ आणि मागचं चिंचेचं झाड एका रेषेत, दुसऱ्या बाजूला मोरी आणि विजेचा खांब एका रेषेत, अशा दोन ओळी वहीत लिहा. तारीख आणि त्या दिवशीची पाण्याची पातळीही लिहा. फेब्रुवारीत 5 मीटर खाली असलेला भारा पाणी 3 मीटर उतरल्यावर मे महिन्यात फक्त 2 मीटरवर असतो, आणि जाळं त्याच दिवसांत फाटतं.

मग त्या जागेचं करायचं काय? ओढजाळं तिला वळसा घालून न्या. गळफास जाळं तिच्यावर नाही, बाजूला अंतर राखून लावा. अडकलेलं जाळं तिथेच राहिलं तर ते महिनोन्‌महिने मासे मारत राहतं. आणि एक मोह टाळा. आसऱ्याजवळ मासे गोळा होतात, याचा अर्थ तलावात मासे वाढले असा होत नाही. सोनारवर दाट मासळी दिसली म्हणून तिथेच चार दिवस जाळी लावली तर सगळा तलाव एका कोपऱ्यातून उपसल्यासारखं होईल. बोटुकलीही अशा जागेला लागून सोडू नका. लपायला पिल्लांना जागा मिळते तशी मरळलाही दबा धरायला मिळते.

नवे आसरे टाकणार असाल तर बांबू आणि दगड चांगले. टायर नकोत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 1970 च्या दशकात सुमारे 20 लाख टायर समुद्रात टाकले, बांधणी सुटून ते वाहत गेले आणि जिवंत प्रवाळावर घासले. पुढे तेच टायर बाहेर काढायचं काम करावं लागलं. औषधांचे रिकामे डबे तर मुळीच नकोत. छोट्या तलावात ओल्या फांद्यांचा मोठा ढीगही नको, त्या कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात.

शेततळंवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: कागद असलेल्या तळ्यात काटेरी फांद्या किंवा टोकदार बांबू टाकायचा नाही, कागदाला भोक पडलं की पाणी गेलं. तीन-चार मीटरच्या तळ्याला सोनारचीही गरज नाही, खुणा केलेली काठी पुरते.

तलावावर जाण्याआधी ठेक्याचा कागद बघा आणि पाटबंधारे शाखेत कळवा. धरणाच्या भिंतीजवळ आणि मोरीजवळ होडी न्यायची नाही. कोयना-चांदोलीचं पाणी व्याघ्र प्रकल्पात येतं, तिकडे जायचंच नाही. होडीत दोघे असावेत, दोघांच्याही अंगात जीवरक्षक जाकीट हवं. ज्या गटांना मिळून यंत्र घ्यायचं आहे त्यांनी तलावाचं नाव, अंदाजे खोली आणि ठेक्याची मुदत याच क्रमांकावर लिहून किंवा बोलून पाठवा.

— कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी