दाढदुखी, भीती आणि थोडे पदार्थविज्ञान



‘दाब’ हा पाठ मी कित्येक वर्षे शिकवीत आलो आहे. पण दाब म्हणजे काय, हे मला खरे उमगले ते एका रात्री अंथरुणात. खालची दाढ ठणकत होती. उठून बसलो की जरा बरे वाटे, आडवा झालो की नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कळ येई. दंतवैद्याकडे जायला हवे हे कळत होते. पण लहानपणी दात काढताना फार दुखले होते, त्या सुईची धास्ती मनातून गेली नव्हती. लवंगेच्या तेलाचा बोळा धरून मी चार दिवस काढले. ते चार दिवस वाया का गेले, ते आता पाहू.

आडवे झाल्यावर ठणका का वाढतो?

दाताचे बाहेरचे कवच एनॅमलचे असते. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटीनचा थर आणि मधल्या पोकळीत मऊ दंतगर. या गरात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. कीड तिथवर पोचली की गराला सूज येते. बोट सुजले तर कातडी ताणली जाते. दंतगराभोवती मात्र टणक भिंती आहेत. फुगायला जागा नाही, म्हणून आतला दाब वाढतो आणि मज्जातंतू कळ पाठवू लागतात.

आपण बसलेले असताना जबडा हृदयाच्या सुमारे २५ सेंमी वर असतो. एवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे २० मिमी भरतो. म्हणजे बसल्यावर दातातील रक्ताचा दाब तेवढा कमी असतो. आडवे होताच ही सूट संपते! म्हणून दाढ दुखत असेल तर रात्री उशाशी दोन उशा घ्याव्यात.

कधी कधी ठणका आपोआप थांबतो. आपण खूश होतो, पण बहुधा आतला गर मेलेला असतो. जंतूंचे काम मुळाच्या टोकाशी चालूच राहते.

बधिर करणारे औषध आणि सामू

मज्जातंतूच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. वेदनेचा संदेश जाताना सोडियमचे धनभारित आयन पटलातील सूक्ष्म दारांतून आत घुसतात. निल्स लोफग्रेन यांनी स्वीडनमध्ये १९४३ साली तयार केलेले लिग्नोकेन हे औषध ही दारे आतल्या बाजूने अडवते. संदेश थांबला की वेदना थांबली.

पण औषधाला आत शिरण्यासाठी पटल ओलांडावे लागते, आणि ते काम विद्युत्‌भार नसलेला रेणूच सहज करू शकतो. निरोगी हिरडीचा सामू ७.४ च्या आसपास असतो. तिथे लिग्नोकेनच्या १०० रेणूंपैकी सुमारे २४ भाररहित असतात. जंतुसंसर्गाने ती जागा आम्लधर्मी होते. सामू ६.४ पर्यंत उतरला, तर १०० पैकी अवघे ३ रेणू भाररहित उरतात. शिवाय सुजलेले मज्जातंतू अधिक हळवे झालेले असतात.

आता गंमत पाहा. दुखेल या भीतीने आपण थांबतो, आणि थांबल्यामुळेच बधिर करणे अवघड होते. भीतीचे कारण आपणच वाढवीत असतो! अर्थात उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नयेत. दंतवैद्य सुजलेल्या जागेपासून दूर, मज्जातंतूच्या मुख्य फांदीजवळ औषध देऊ शकतात.

त्या शिट्टीचे काय?

हवेच्या झोताने फिरणारे दंतयंत्र १९५७ पासून बाजारात आले. ते मिनिटाला ३ लाखांहून अधिक फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५,००० हून अधिक. म्हणून त्याचा आवाज इतका तीक्ष्ण. घर्षणाची उष्णता गराला बाधू नये म्हणून सोबत पाण्याचा फवारा असतो. आवाज मोठा म्हणून वेदना मोठी, असे समीकरण नाही.

भीती वाटत असेल तर

खुर्चीत बसण्याआधीच ‘मला भीती वाटते’ असे सांगा. डावा हात वर केला की थांबायचे, ही खूण ठरवून घ्या. सुई टोचण्याआधी हिरडीला बधिर करणारा मलम लावता येतो का, ते विचारा. पूर्वी घेतलेल्या औषधाचा त्रास झाला असेल तर तोही सांगा. घरचे कोणी सोबत न्या. तोपर्यंत गालावर गार पाण्याची घडी ठेवा. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी मात्र ठेवू नका, तिने हिरडी भाजते; आणि घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

गालाची किंवा जबड्याखालची सूज पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, तर त्याच दिवशी उपचार घ्या. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

पाचव्या दिवशी मी गेलो. भीती वाटते हे सांगताना या वयात लाज वाटली. दंतवैद्य बाई म्हणाल्या, “सांगितलंत ते बरं केलंत.” पहिल्या इंजेक्शनने दाढ पुरती बधिर झाली नाही; जबड्याच्या मागच्या बाजूला दुसरे द्यावे लागले. नंतर अर्ध्या तासात काम झाले. पहिल्याच दिवशी गेलो असतो, तर कदाचित दुसऱ्या सुईची गरज पडली नसती.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. सामू ७.९ असताना लिग्नोकेनचे निम्मे रेणू भारित व निम्मे भाररहित असतात. सामू १ ने उतरला की भारित व भाररहित रेणूंचे गुणोत्तर १० पट होते. तर सामू ६.९ असताना किती रेणूंमागे एक भाररहित असेल? (उत्तर : ११)