दाबाला लगाम

नाशिकच्या आग्रा रोडवर पंक्चरवाल्याच्या दुकानात हवेची टाकी तुम्ही पाहिली असेल. तिच्यातील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७-८ किलो असतो. स्कूटरच्या चाकाला मात्र दोन-सव्वादोन किलो पुरे होतात. ('दाब' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतल्या 'दबाव'चा तो सख्खा भाऊच!)

तोटी जराशीच उघडली की दाब कमी होईल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे होत नाही. अर्धवट उघडलेली तोटी हवा हळू सोडते, एवढेच. पुढची नळी बंद असेल, तर थोड्याच वेळात तिच्यातही टाकीइतकाच दाब भरतो. दाब खरोखर उतरवायचा तर रेग्युलेटर हवा.

तो तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. गॅसच्या सिलिंडरमध्ये सुमारे ६ किलो दाब असतो. शेगडीला लागतो फक्त ३० ग्रॅम, म्हणजे दोनशेवा हिस्सा! ३० सेंटिमीटर खोल पाण्याच्या तळाशी पाण्याचा जेवढा दाब असतो, तेवढाच हा.

रेग्युलेटरच्या पोटात रबराचा पडदा असतो. त्याला वरून स्प्रिंग दाबते आणि खालून गॅस. गॅसचा दाब वाढला की पडदा वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली झडप गॅसची वाट अरुंद करते. दाब घटला की स्प्रिंग पडद्याला खाली ढकलते व वाट रुंद होते. वरच्या झाकणाला बारीक छिद्र असते, ते बाहेरच्या हवेसाठी. ते कधीही बुजवू नका.

रेग्युलेटर एवढा पसरट का? समजा, पडदा १ चौरस सेंटिमीटरचा आहे. त्यावर गॅसचा जोर पडेल ३० ग्रॅम. एवढ्याशा जोराने झडप नीट हलणार नाही. पडदा २० चौरस सेंटिमीटरचा केला, तर तोच जोर ६०० ग्रॅम होतो. दाब जितका कमी हवा, तितका पडदा मोठा.

प्राणवायूच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये तर सुमारे १५० किलो दाब असतो. एवढा दाब एकदम उतरवला, तर सिलिंडर रिकामा होत जाताना पुढचा दाबही हलत राहतो. म्हणून तो पुष्कळदा दोन पायऱ्यांनी उतरवतात.

एक गोष्ट मात्र रेग्युलेटरला जमत नाही. तो दाब कमी करतो, वाढवू शकत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी, करोनाच्या साथीत, नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. नळांतील दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण दगावले. मागून दाबच येत नसेल, तर पुढे कितीही चांगला रेग्युलेटर असून काय उपयोग? यासाठीच मोठ्या रुग्णालयांत टाकीबरोबर भरलेल्या सिलिंडरची राखीव रांगही जोडून ठेवतात. टाकीचा दाब उतरू लागला की नळांना तिकडून पुरवठा सुरू करता येतो.