संगणकाची राखण : खर्च किती आणि कशावर?

आमच्या चर्चच्या कार्यालयात एकच संगणक आहे. गेल्या वर्षीचे हिशेब तपासायला बसलो, तेव्हा त्या एकट्यासाठी ‘सुरक्षा’ या नावाखाली दोन पावत्या सापडल्या. दोन वेगवेगळे अँटिव्हायरस, दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले. एक दुसऱ्याला अडवत असे आणि संगणक सुरू व्हायला दहा मिनिटं घेई. आणि वायफायचा पासवर्ड? तो गायकवृंदाच्या खोलीत, फळ्यावर, खडूनं लिहिलेला. त्याच वायफायवर देणग्यांचा हिशेबही चालायचा.

घर असो की चर्च, पैसे नको तिथे जातात ते असे. म्हणून फुकट कामांपासून सुरुवात करू. पुढचे आकडे ढोबळ आहेत. दुकानागणिक फरक पडेल.

विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीच बसवलेला असतो. घरच्या आणि छोट्या कार्यालयाच्या वापराला तो पुरतो. विकतचा हवाच असेल तर वर्षाला हजार-दोन हजार धरा, पण एकच घ्या. मात्र खालची विंडोजच जुनी असेल तर त्याचा उपयोग मर्यादित. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरासाठी सुरक्षेची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्ज जपून ठेवल्या तर ती फुकट मिळते. संगणक पुरेसा नवा असेल, म्हणजे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, तर विंडोज ११ वर जायलाही पैसे पडत नाहीत. तसा नसेल तर लिनक्स मिंट हा फुकटचा पर्याय आहे. पत्रं लिहिणं, मिस्साची पत्रिका छापणं यासाठी चालतो, फक्त आपला प्रिंटर त्यावर चालतो का ते आधी बघा. कोपऱ्यावरचा दुकानदार पाचशे रुपयांत ‘नवीन विंडोज मारून’ देतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. परवाना खरा नसतो आणि आत काय आलं ते कळत नाही.

आता वायफाय. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते. कार्यालयासाठी एक जाळं, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दुसरं. खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं. त्याच बैठकीत राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअरचे पत्ते भरा. अश्लील आणि घातक संकेतस्थळं बऱ्याच प्रमाणात तिथेच अडतात. त्याला वर्गणी नाही, नोंदणी नाही. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये हे पत्ते बदलू देत नाहीत. तेव्हा ते थेट संगणकावर भरा किंवा बाराशे ते दोन हजारांचा स्वतःचा राउटर जोडा. काम जमत नसेल तर माहितगार माणूस तीनशे-पाचशेत करून देतो. पण तो गेल्यावर राउटरचा पासवर्ड बदला. ही पायरी हटकून राहते.

या गाळणीला एक मोठं भोक आहे. मुलानं वायफाय बंद करून मोबाइलचा डेटा सुरू केला की ती संपली. त्यासाठी अँड्रॉइडवर गुगलचं फॅमिली लिंक, आयफोनवर स्क्रीन टाइम, विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी आहे. वेळेची मर्यादा घालता येते, नवं ॲप आपल्याला विचारून घ्यावं लागतं. तिन्हींच्या या सोयी फुकट आहेत. मुलांचे मेसेज चोरून दाखवणारी महागडी ॲप्स मला पटत नाहीत. पैसे जातात, मुलाच्या फोनची सगळी माहिती तिसऱ्याच कंपनीकडे पोचते आणि पोरगं आठवड्याभरात मित्राचा फोन वापरायला शिकतं. मर्यादा घालायची ती त्याला सांगून घाला.

चर्चनं खरोखर पैसे खर्चावेत ते नोंदींवर. बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या यादीची फाइल एकाच संगणकात असणं धोक्याचं. एक टेराबाइटची बाहेरची हार्ड डिस्क पाच-सहा हजारांना मिळते. आठवड्यातून एकदा प्रत घ्या आणि काम झालं की वायर काढा. जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्या फाइलींनाही कुलूप घालतो. दुसरी प्रत चर्चच्या नावाच्या गुगल खात्यात ठेवा; १५ जीबीपर्यंत जागा फुकट असते. ते खाते कुणा उत्साही तरुणाच्या खासगी ईमेलवर उघडू नका. तो नोकरीला बंगळुरूला गेला की सगळं अडकतं. प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, तीही फुकट.

दानपेटीशेजारच्या क्यूआर कोडकडे दर रविवारी बघा. वर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवायला चोराला क्षण पुरतो. पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारं यंत्र भाड्यानं घेतलं तर महिन्याला शंभर-सव्वाशे पडतात, पण खाते संस्थेच्याच नावाचं हवं, खजिनदाराचं नको. दुसरी फसवणूक फादरांच्या किंवा पाळकांच्या नावानं होते. फोटो त्यांचा, नंबर अनोळखी, ‘मीटिंगमध्ये आहे, दहा हजार लगेच पाठवा, संध्याकाळी देतो.’ मिस्सा संपल्यावरच्या घोषणांतच सांगून टाका की असा निरोप आला तर आधी जुन्या नंबरवर फोन करायचा. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही, हेही तिथेच. आणि आजी-आजोबांसाठी आणखी एक : ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही.

पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. तक्रार केंद्र सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवरही नोंदवता येते. कुठेही शुल्क नाही. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. नंतर कुणी ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणाला, तर तो दुसरा चोर समजा.

मुलांच्या फोटोंबद्दल. प्रथम ख्रिस्तप्रसादाचे फोटो नाव, शाळा आणि पत्त्यासह सार्वजनिक पानावर टाकायची हौस आपल्याकडे फार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. धर्मशिक्षणाच्या प्रवेश अर्जात संमतीची एक ओळ आणि सहीची जागा घाला. झेरॉक्सचा काय तो खर्च. धर्मशिक्षकांनीही मुलांशी एकेकट्यानं चॅट करू नये. गट असावा, त्यात दोन मोठी माणसं आणि पालक असावेत.

आमच्याकडे शेवटी हिशेब झाला तो असा : हार्ड डिस्क ५,४०० रुपये, राउटर १,६००, जुळणी करणाऱ्याला ५००. आणि पासवर्ड लिहायला एक वही, ४० रुपये. ती आता बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी, कुलुपाच्या कपाटात असते. फळा पुसला आहे.