साधू केशव

वसईजवळील सोपारा हे प्राचीन काळी पश्चिम किनाऱ्यावरील गजबजलेले बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील एक टेकाड खणले, तेव्हा आत बौद्ध स्तूप आढळला. बुद्धाचा जो धर्म येथे नांदत होता, तोच चीन व कोरिया या देशांतून सहाव्या शतकात जपानला पोहोचला. पुढे कित्येक शतकांनी त्याच जपानातून काही साधू बुद्धाच्या भूमीत आले. फुजी गुरुजी हे त्यांचे अग्रणी. १९३३ साली वर्ध्यास त्यांची व महात्मा गांधींची भेट झाली.

पुढे एक जपानी साधू सेवाग्राम आश्रमात राहू लागले. त्यांना सर्वजण साधू केशव म्हणत. पहाटे आपला लहानसा डफ वाजवीत व मंत्र म्हणत ते आश्रमात फिरत. ‘सद्धर्मपुंडरीक’ या ग्रंथाला वंदन, असा त्या मंत्राचा अर्थ होता. उपासना आटोपली की ते कामाला लागत. कष्टाचे कोणतेही काम त्यांनी कधी हलके मानले नाही. त्यांच्या मुखावर सदैव स्मित असे.

कामाविषयीचा हा आदर जपानी जीवनात जागोजागी दिसतो. तेथील मठांत झाडलोट व स्वयंपाक हीदेखील साधनाच समजतात. शाळांतील मुले आपले वर्ग स्वतः झाडतात, पुसतात. आपल्याप्रमाणेच जपानी लोकही पादत्राणे दाराशी उतरवूनच घरात पाऊल टाकतात.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. भारतावर तेव्हा ब्रिटिशांचे राज्य होते. सरकारच्या लेखी प्रत्येक जपानी माणूस शत्रू ठरला. साधू केशवांना नेण्यासाठी पोलीस आश्रमात आले. त्यांनी गांधीजींसमोर आपला मंत्र म्हटला आणि आपला डफ मागे ठेवला. तुम्ही चाललात, तरी तुमचा मंत्र आमच्या प्रार्थनेत राहील, असे गांधीजींनी त्यांना सांगितले.

पुढील काही महिन्यांत जपानी सैन्याने ब्रह्मदेश जिंकला. आता भारतावरही आक्रमण होणार, असे भय सर्वत्र पसरले. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक पत्र लिहिले. चीनवर जपानने केलेल्या आक्रमणाचा त्यांनी त्यात स्पष्ट शब्दांत निषेध केला. त्याच पत्रात, आपल्यातून नेलेल्या त्या प्रेमळ सहकाऱ्याची उणीव आम्हांला भासते, असेही त्यांनी कळविले. आश्रमाची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना तेव्हाही त्याच डफाच्या साथीने व त्याच मंत्राने सुरू होत होती.

राष्ट्राच्या अन्यायाला विरोध करावा. परंतु त्या राष्ट्रातील माणसावरील प्रेम आटू देऊ नये, हे सेवाग्रामच्या त्या प्रार्थनेने दाखवून दिले.

स्वाध्याय
१. साधू केशव आश्रमवासीयांना प्रिय का झाले?
२. पोलीस आले तेव्हा साधू केशवांनी काय केले?
३. गांधीजींच्या पत्रातील कोणत्या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात? त्या तशा आहेत काय? कारणे द्या.
४. वाक्यांत उपयोग करा : हलके मानणे, उणीव भासणे.