स्टेंट बसल्यावर गोळ्या का थांबवायच्या नाहीत?

अँजिओप्लास्टी झाली, छातीतली कळ थांबली, पेशंट घरी आला. दोन-तीन महिने गेले की घरात बोलणे सुरू होते, "आता बरं वाटतंय, मग रोज गोळ्या कशाला? तेवढेच पैसे वाचतील." धोका इथेच आहे. बरे वाटणे आणि आतली जखम भरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कशा, ते आज समजून घेऊ.

आपल्या शरीरातली रासायनिक कामे झटपट करणाऱ्या प्रथिनांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. भाकरी पचायला एन्झाइम लागतात, तसे रक्त गोठायलाही लागतात. विळीने बोट कापले की प्लेटलेट नावाच्या अगदी बारीक पेशी जखमेला चिकटतात. मग थ्रॉम्बिन हे एन्झाइम रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवते. त्या जाळ्यात पेशी अडकतात, गुठळी होते आणि रक्त थांबते. पुढे प्लाझ्मिन हे दुसरे एन्झाइम ती गुठळी हळूहळू विरघळवते.

निरोगी रक्तवाहिनीला आतून गुळगुळीत अस्तर असते. प्लेटलेटना शांत ठेवणारी एन्झाइमही या अस्तरात असतात. अँजिओप्लास्टीत फुगा फुगवताना अस्तर दुखावते आणि तिथे स्टेंटची धातूची जाळी बसते. ही जखम उपचारासाठी केली आहे, हे शरीराला कळत नाही. बोट कापल्यावर जे होते तेच तिथे सुरू होते. पण बोटावरची गुठळी रक्तस्राव थांबवते, तर हृदयाच्या अरुंद वाहिनीतली गुठळी रक्तपुरवठाच बंद करते. मग हार्ट अटॅक येतो, जीवही जाऊ शकतो. जाळीवर नवे अस्तर चढायला काही महिने लागतात. तोपर्यंत पहारा गोळ्यांचा.

या गोळ्यांना आपण 'रक्त पातळ करणाऱ्या' म्हणतो, पण रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. अॅस्पिरिन प्लेटलेटमधले एक एन्झाइम कायमचे बंद करते. ते बंद झाले की प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याचा निरोप नीट देऊ शकत नाहीत. प्लेटलेट साधारण ७ ते १० दिवस जगते आणि शरीर रोज नव्या प्लेटलेट तयार करते. गोळी थांबली की काही दिवसांतच चिकटणाऱ्या प्लेटलेट रक्तात वाढतात. म्हणून गोळी रोजची रोज.

दुसरी गोळी बहुधा क्लोपिडोग्रेल असते. ती पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातली एन्झाइम तिला कामाला लावतात. अॅसिडिटीवरची ओमेप्राझोल ही गोळी यातल्या एका एन्झाइमला अडवते, त्यामुळे क्लोपिडोग्रेलचा असर कमी होऊ शकतो. दुखण्यावरची आयबुप्रोफेन अॅस्पिरिनच्या आड येते. म्हणून मेडिकलमधून मनाने कोणतीही गोळी घेऊ नये.

आता घरात एवढे पाळूया :

१. दोन्ही गोळ्या किती दिवस, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. साधारणपणे ६ महिने ते १ वर्ष दोन्ही चालतात, पुढे बहुतेकांना एक कायम. काहींची मुदत वेगळी असते.

२. दात काढायचा असो की ऑपरेशन, स्टेंट आहे हे आधी सांगावे. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नये.

३. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. जनऔषधी केंद्रात जेनेरिक गोळ्या स्वस्त मिळतात. अडचण सांगण्यात लाज नाही; गोळी बंद करण्यात धोका आहे.

४. शौच डांबरासारखे काळे झाले, लघवीतून रक्त आले किंवा रक्त थांबेना, तर लगेच दवाखाना गाठावा.

५. बिडी, तंबाखू, मशेरी पूर्ण बंद. बिडी-सिगारेटच्या धुराने वाहिनीचे अस्तर पुन्हा बिघडते.

६. छातीत पुन्हा दुखले, दरदरून घाम आला, दम लागला, तर 'गॅस असेल' म्हणत थांबू नये. लगेच १०८ ला फोन करावा.

ज्यांच्या घरी स्टेंटचा पेशंट आहे त्यांनी आजच गोळ्यांचे पाकीट पाहावे. आठवडाभराच्या गोळ्या उरल्या असतील तर नवीन पाकीट आणायची वेळ झाली आहे.