गाडीचे मागील शॉक अ‍ॅब्सॉर्बर : तपासणी, बदल व चाचणी

भिवंडी तालुक्यातील अंबाडी परिसरातून भेंडी, काकडी यांसारखा नाजूक भाजीपाला भिवंडी-वाडा रस्त्याने बाजारात जातो. अनेक शेतकरी बंधू त्यासाठी स्वतःची गाडी वापरतात. पावसाळ्यात खड्ड्यांमुळे गाडीचे मागील शॉक अ‍ॅब्सॉर्बर लवकर निकामी होतात. मग गाडी मागून उसळते व माल चेचला जातो. त्याहून गंभीर म्हणजे ब्रेक लावताना उसळणारे चाक रस्त्याला नीट टेकत नाही आणि गाडी थांबण्यास जास्त अंतर लागते.

कार्य
गाडीचे वजन कमानपाटे किंवा स्प्रिंग पेलतात. त्यांची वरखाली हालचाल शमविणे एवढेच शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम आहे. गॅरेजमध्ये यालाच ‘शॉकअप’ म्हणतात. त्याच्या नळीतील दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि धक्क्याची शक्ती उष्णतेत बदलते. त्यामुळे मागे बसलेली गाडी साधे नवे शॉकअप घालून उचलली जात नाही. अशा वेळी आधी पाटे तपासावेत. नाहक खर्च वाचतो.

निकामी झाल्याची लक्षणे
१) नळीवर तेलाचे ओघळ दिसणे.
२) रबर बुश फाटणे, खटखट आवाज येणे.
३) टायर ठिकठिकाणी खोलगट झिजणे.
४) रिकाम्या गाडीचा मागील कोपरा तीन-चार वेळा दाबून सोडल्यास तो डोलत राहणे. चांगला शॉकअप एक-दीड हेलकाव्यात गाडी स्थिर करतो.

कमानपाट्यांच्या मालवाहू गाडीत पाटे ताठ असल्याने शेवटची चाचणी पुरेशी नाही. खराब रस्त्यावर थोडी गाडी चालवून दोन्ही नळ्यांना सावधपणे हात लावून पाहावा. एक कोमट व दुसरी थंड असेल, तर थंड नळी काम करीत नाही असे समजावे. सायलेन्सरपासून हात दूर ठेवावा.

बदलण्याची पद्धत
१) गाडी सपाट, टणक जागी उभी करून पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागील चाकांवरच चालतो. ती उचलल्यावर त्याचा आधार राहत नाही.
२) चासीखाली मजबूत घोड्या लावाव्यात. नुसत्या जॅकवर अथवा विटा-दगडांवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक सटकल्यास जीव जाऊ शकतो.
३) मागील आसाला दुसऱ्या जॅकचा आधार द्यावा. नाहीतर शॉकअप निघताच आस खाली लटकून ब्रेकच्या नळीवर ताण येतो.
४) गंजलेल्या नट-बोल्टवर आदल्या दिवशी तेल सोडावे.
५) नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढावा व दाबावा. आतील हवा निघून जाते. मध्येच सैलपणा जाणवल्यास तो बसवू नये.
६) एका वेळी एकच बाजू खोलावी, मात्र दोन्ही शॉकअप जोडीनेच बदलावेत.
७) बुशमधून जाणारे बोल्ट आधी हलके बसवावेत आणि गाडी चाकांवर उतरविल्यानंतर पूर्ण आवळावेत. लटकत्या स्थितीत आवळल्यास रबर पिळले जाऊन लवकर फाटते.

वायू भरलेला शॉकअप कापू किंवा तापवू नये. जुने तेल विहिरीत, ओढ्यात अथवा शेतात सोडू नये.

बसविल्यानंतरची चाचणी
कोपरा दाबून पाहावा. मग गाडी प्रथम रिकामी व नंतर माल भरून हळू चालवावी. आवाज, डोलणे किंवा एका बाजूला ओढ नसावी. दोन दिवसांनी नट व गळती पुन्हा पाहावी.

हे काम कारागिराकडून करून घेतानाही जोडीने बदल व शेवटची आवळणी या दोन गोष्टींचा आग्रह धरावा. मे महिन्यात, पावसापूर्वी तपासणी केल्यास व ठरलेल्या क्षमतेइतकाच माल भरल्यास गाडी, माल आणि चालक तिन्ही सुखरूप राहतील.