चूक उजव्याची वाटते, असते डाव्याची

गिटारवर दोन्ही हातांनी टॅपिंग करताना सूर फुसका निघाला की बोल लागतो उजव्या हाताला. माझ्या मते बरेचदा दोष डाव्याचा असतो. उजवं बोट तारेवर आदळतं तो एक सूर. तेच बोट तार जराशी आडवी ओढून सुटतं, तेव्हा वाजतो तो डाव्या बोटाचा सूर. ते बोट आधीच दाबून तयार नसेल तर मोकळी तार घुमते, नाहीतर नुसता ठक्क आवाज येतो. सतारीवर जमजमा आणि कृंतनाचा रियाज केलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

उजव्याची अडचण मात्र पट्टीने मोजता येते. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिलं घर सुमारे ३६ मिलिमीटरचं, बाराव्या फ्रेटपुढचं जेमतेम १८, विसावं तर १२. टॅपिंग बहुधा याच अरुंद भागात चालतं. वरातीतल्या बेंजोवर कळ दाबली की ती ठरल्या जागीच पडते. इथे जागा बोटानेच हेरायची, आणि ती घराच्या मधोमध नाही, फ्रेटच्या पट्टीला लगटून अलीकडे. तिथे कमी जोरात सूर स्वच्छ निघतो.

हा नेम सावकाश घोटावा म्हटलं, तर ‘सावकाश केलं तर ते टॅपिंग कसलं?’ असं कोणी म्हणेल. अर्धं खरं आहे. टोला हळू पडला तर सूर निघतच नाही. म्हणून सावकाशपणा हवा तो दोन टोल्यांच्या मधे. मेट्रोनोम ६० वर, ठोक्याला एकच सूर; टोला मात्र झटक्यात आणि अगदी जवळून. बोट उंच उचललं की नेम गेलाच.

व्हॅन हॅलनचं १९७८चं ‘इरप्शन’ ऐकून डिस्टॉर्शन वाढवणारे पुष्कळ. त्याने दुबळा सूर मोठा होतो, तशी न वाजवलेल्या तारांची गुणगुणही. एमेट चॅपमनने टॅपिंगसाठीच घडवलेल्या ‘स्टिक’वर ती दाबायला नटपाशी डँपर असतो, आपल्याला तिथे कापडाची चिंधी पुरते. हिला कुबडी म्हणणाऱ्यांचं ऐकून निम्मा रियाज चिंधी काढून करावा, म्हणजे तळवाही तारा झाकायला शिकतो. आणि वीज गेली म्हणून इलेक्ट्रिक गिटार अँपशिवाय तासभर बडवू नये. ऐकू येत नाही म्हणून हात नकळत जोर लावतो, आणि वीज आल्यावरही तो जोर सुटत नाही.